साखळ्यांची दृष्ट

आमची लासलगावची आत्या इथे नाशकात माझ्या लॅबमध्ये आली होती, ते सांगितलंच नाही ना तुम्हाला?

माझं काम तुम्हाला माहितीये. काचेला एका टोकानं चिकटलेल्या पॉलिमरच्या साखळ्यांना लेसर पडला की चमकणारा रंग लावायचा आणि मायक्रोस्कोपखाली त्या कशा वळवळतात ते स्क्रीनवर बघायचं. महिनाभरात पहिल्यांदा एक काच धड जमली होती आणि सर ती बघायला येणार होते.

आत्या स्क्रीनसमोर बसली. "काजवेच की गं. लय गोड हायेत." आणि उठेचना. थोड्या वेळानं म्हणाली, "विझले की."

"आत्या, लेसर फार वेळ पडला की रंग विझतो."

"माझी नजर लागली. मीठ हाय का?"

"आहे, पण ते प्रयोगाचं आहे."

"मीठ ते मीठ."

कपाटातल्या बाटलीतून मूठभर मीठ घेऊन ती मायक्रोस्कोपवरून ओवाळायला लागली. तेवढ्यात तिचं कोपर बटणाला लागलं, काच सरकली, लेसर न पडलेला भाग समोर आला आणि स्क्रीन लखलखली. नेमके तेव्हाच सर दारात.

"या," आत्या म्हणाली, "दृष्ट काढली, आता बघा."

मी घाईघाईनं काच सरकल्याचं सांगितलं. सर गंभीरपणे म्हणाले, "अर्थात. काच सरकली."

परवा बाहेरचे परीक्षक येणार होते. सर सकाळपासून मशीनभोवती घुटमळत होते. शेवटी इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "आत्या अजून नाशकातच आहेत ना?"