खंडेनवमीचं इंजिन

आमच्या मालकांच्या इंजिनाला हसायला आलेल्या माझ्या भावाचं काय झालं, ते ऐका. नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. मालक मिलिटरीतून रिटायर झाले आणि साताऱ्याच्या घरी गोठ्यात लेथ टाकून, पोळपाटावर मावेल एवढं वाफेचं इंजिन करत बसले.

खंडेनवमीला ते पहिल्यांदा चालवायचं होतं. सांगलीहून दादा आला आणि म्हणाला, "दाजी, हे न्हाई चाललं तर लेथ विकायचा आन् आमच्या कारखान्यावर वॉचमन व्हायचं."

मालक "व्हय" म्हणून बसले.

आधी पूजा झाली. मालकांनी कुंकू कालवून इंजिनाला असं फासलं, की वाफ बाहेर पडायची नळीच बुजली. पाणी उकळलं, पण चाक हलंना. दादा नळीपाशी वाकला. "झोपलंय की गं हे."

मी मालकांना म्हटलं, "आवं, चाकाला जरा बोट लावा."

त्यांनी बोट लावलं. नळीतून कुंकवाचं कोमट पाणी फर्रकन उडालं, ते दादाच्या कपाळापासून पांढऱ्या सदऱ्यापर्यंत. चाक गरागरा फिरायला लागलं.

दादा तोंड पुसायला लागला, तसा मी त्याचा हात धरला.

"पुसू नगंस. इंजिनानं ओवाळलंय तुला. ताटात ओवाळणी टाक, मगच जेवायला बस."