भातखाचरातली महासत्ता

हसू नका, पन्नाशीत बी.ए.ची तोंडी परीक्षा द्यायला भोरला गेले, तवाची गोष्ट हाय. आंतरराष्ट्रीय संबंधांचे सर म्हणाले, "मावशी, देशांच्या वर पोलीस नाही. मग ते करार का पाळतात?"

पुस्तकातलं पार विसरले. म्या म्हणलं, "आमच्या गुंजवण्यात भातलावणीला इर्जिक घालतात. आज समदे माझ्या खाचरात, उद्या मी त्यांच्या. जो येत न्हाई, त्याच्याकडं कुणी जात न्हाई."

"आणि एखाद्या महासत्तेला कुणाची गरजच नसेल तर?"

"एकानं ट्रॅक्टर घेतला न् इर्जिक सोडली, सर. ट्रॅक्टर खाचरात रुतला."

"मग ओढला कुणी?"

"आमीच. पण आधी त्याला दिवसभर चिखलात वाकून माझी लावणी करायला लावली."

पैकीच्या पैकी पडले! पेढे आणायला वेल्ह्याला गेले, ते त्याच ट्रॅक्टरवर बसून.