सुदानचं बोलावणं

सन त्रेपन्न. अमरावतीहून अकोल्याची मोटार सुटायची होती. माझ्या मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"मैना, तुया नवरा सुदानातून कधी येते वं?"

"काय माईत, बेबीताई. तिथं पैलंच मतदान हाय. ते कसं घ्यायचं हे शिकवाले सरकारनं त्यायले धाडलं."

"शिकवलं का यावं ना मंग!"

"अटी हायेत ना. त्या लोकायनं बोलावलं तवाच जायचं. कोनाची बाजू घ्यायची नाही. त्यायनं 'जा' म्हटलं का निघायचं."

"आन तुयी अट?"

"मले कोन इचारते?"

"तं तू बी बोलाव त्यायले."

"कशी बोलावू? त्यायचं नाव तं म्या लग्नापासून आजलोक घेतलं नाही."

"मोटार सुरू झाली पाय. एवढ्या आवाजात कोन ऐकते? घे."

"लाज वाटते वं."

"घे वं."

"शालिकराम... घरी या ना."