हिऱ्या, चांद्या अन् मुली दोन

जुन्या कागदात काय निंगालं ते आयकलं, तर तुमचंबी डोकं फिरन. माहा भाऊ घरची वंशावळ बनवून राह्यला, पन पणजोबाचं मृत्युपत्र हुडकाले शेलूबाजारहून तालुक्याले तीन चकरा मारल्या मी. मले पणजोबाच्या दोन लेकीईचे नावं पायजे होते, काहून की घरात ते कोनालेच माईत नाई.

कचेरीतल्या बाबूनं धुळीतून बाड काढलं अन् मृत्युपत्र वाचलं. तिन्ही पोराईचे नावं होते. बैलजोडीचेबी होते, हिऱ्या अन् चांद्या. पुढं लिहलं होतं, "मुली दोन, दिल्या घरी आहेत."

मी म्हनलं, "अन् त्याईचे नावं?"

बाबू म्हने, "ताई, बैल घरीच राह्यतेत ना."

माहेरी जाऊन तणतणतच भावाले मृत्युपत्राची नक्कल देली. त्यालेबी राग आला. "लय वाईट केलं म्हाताऱ्यानं," म्हने, अन् आपली वंशावळ माह्यासमोर पसरली. तिच्यात त्याचं नाव होतं, त्याच्या पोराचं होतं.

"अन् मी कुठी हावो?"

"तू दिल्या घरी हायेस ना, ताई."

मी नक्कल परत घेतली अन् म्हनलं, "बाकीचे कागद आनाले आता बैल पाठव."