ब्रेकवरची चिकटपट्टी

नावं कोरून देणाऱ्या दुकानात रांग होती. दारावरची पाटी घेऊन आलेल्या शिंपीणबाईंच्या पुढे एक बहीणभाऊ उभे होते. बहिणीच्या काखेत मोटारशर्यतीचा चषक होता.

“ताई, चषकावर माझंही नाव घाल ना.”

“गाडी कोणी चालवली?”

“आणि तयार कोणी केली?”

“तयार म्हणे. ब्रेकला वारा देणाऱ्या नळीच्या तोंडावर चिकटपट्टी तशीच ठेवून मला शर्यतीत सोडलंस.”

“सकाळी टायर गारठले होते गं. ब्रेक तापला की चाक तापतं, चाक तापलं की टायर. म्हणून लावली होती.”

“आणि सुटायच्या आधी काढायची असते.”

“ती राहिली.”

“शेवटी शेवटी ब्रेक दाबला की लोण्यात पाय गेल्यासारखं वाटत होतं. जीव टांगणीला लागला होता माझा.”

“पण वळणावर गाडी घसरली का?”

“नाही.”

“बाकीच्यांच्या?”

“भोवऱ्यासारख्या फिरत होत्या बिचाऱ्या. गार टायर, दुसरं काय.”

“मग?”

“मग काय मग? तू विसरलास म्हणून मी जिंकले, हे कोरू का चषकावर?”

शिंपीणबाईंनी पाटी तोंडापुढे धरली. पाटी हलत होती.

“पुढे या,” दुकानदार म्हणाला. “कोणाचं नाव घालू?”

“दोघांचं घाला. माझं वर, ह्याचं खाली, जरा बारीक अक्षरात.”

“ताई...”

“लाडात येऊ नकोस. पुढच्या रविवारीही थंडी आहे म्हणतात. पट्टी आठवणीनं विसर.”