संत्र्याच्या भावांची पडताळणी

तुम्ही हसाल म्हणून हे आजवर सांगितलं नव्हतं. एका परिषदेत माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांपुढे मला संत्र्याच्या भावांवर शोधनिबंध वाचायचा होता. हे भाव बाजार समितीच्या वेबसाइटवर रोज येतात. कोड न लिहिता ते आपोआप उतरवून घेणारी तीन सॉफ्टवेअर चाचणीसाठी फुकट मिळाली. त्यातलं एक निवडायचं, एवढंच काम. पण जन्मभर संख्याशास्त्र शिकवलेला माणूस असं एकदम कसं निवडणार? मी तिन्ही लावली आणि कोणतं चुकतं ते कळावं म्हणून तेच भाव महिनाभर रोज हातानं वहीत लिहून काढले.

"मंग मशीन काहून लावली?" बायकोनं विचारलं.

"पडताळणी नको?"

निबंध वाचायच्या आदल्या दिवशी ताळा करायला बसलो, तर सहा दिवसांचे आकडे जुळेनात. तिन्ही सॉफ्टवेअर सदोष आहेत, असं मी आयोजकांना कळवायला घेतलं. तेवढ्यात बायको चष्मा लावून शेजारी येऊन बसली.

"या तिघांचं आपसात जुळते काय?"

"तंतोतंत."

"अन् वेबसाइटवर काय लिहून आहे?"

मी ते सहा दिवस पुन्हा उघडून पाहिले. किमान भावाच्या रकान्यात मी कमाल भाव लिहिले होते. मी वही मिटली.

"झालं तर मंग," ती उठता उठता म्हणाली. "चौघांतून एकाले काढा अन् उरलेल्यांतलं कोणतंही घ्या."