कांबळेबाई आणि ती चौकशी

आयाबहिणींनो, गुरुजनांनो, आपल्या गावातल्या लोकहो,

बाईंच्या शोकसभेला एवढे सगळे आलात. मी सुनीता. बाईंची सातवीतली विद्यार्थिनी. आता मी पण शाळेत शिकवते.

कांबळेबाई आपल्याकडं सातवीला सगळे विषय शिकवायच्या, आणि गणितसुद्धा तोंडानं करून घ्यायच्या. "उत्तर आलं? आता उभी राहा, कसं आलं ते सगळ्यांना सांग." गणित असो, विज्ञान असो, भूगोल असो, त्यांच्या वर्गाच्या प्रत्येक तासाला कुणीतरी फळ्यापुढं. मी लई बुजरी. पहिल्या दिवशी रडलेच. बाई म्हणाल्या, "रडून घे. मग सांग. आम्ही थांबतो."

ते दुष्काळाचं साल. जिल्हा नवा, शिक्षणखात्याचे साहेबही नवे. शाळा बघायला आले, तेव्हा भूगोलाच्या तासाला माझी पाळी होती. विषय, गावचं पाणी. टँकर आधी कुणाच्या दारात उभा राहतो, ते मी सांगितलं. आमच्या बौद्धवाड्यात येईपर्यंत त्यात काय उरतं, तेही सांगितलं. गाळ उरतो. साहेबांनी वहीत लिहून घेतलं.

"बाई, आम्ही तुमच्या पाठीशी हाव," असं त्या दिवशी म्हणणारे आज इथं पहिल्या रांगेत बसलेत. आठ दिवसांत तक्रार गेली. बाई लेकरांना पढवतात, गावात भांडणं लावतात. खाली पाच सह्या. शिक्षकांच्या सह्या! मी नावं घेणार नाही. ज्याची त्याला सही ओळखू येते.

चौकशीला मला बोलावलं. आधी हेडमास्तर म्हणाले, "पोरी, बाईंनी पाठ करून घेतलं का, एवढंच विचारतील. हाव म्हण. त्यात बाईंचंच भलं हाय."

बाई समोर बसल्या होत्या. मी हाव म्हणाले.

बाईंची बदली झाली, पार कर्नाटकाच्या शिवेवर. त्यांना एसटीत बसवून द्यायला कोण गेलं होतं? सांगा ना, कोण?

मी पण नव्हते गेले.

नोकरी लागल्यावर मी त्यांना शोधत गेले. बाईंच्या वर्गात, घरी कन्नड बोलणारी लेकरं अडखळत अडखळत मराठीत अपूर्णांक समजावून सांगत होती. मी बाईंचे पाय धरले. म्हणाल्या, "तू लेकरू होतीस गं. तुझा राग न्हाई. पण त्या पाच जणांची मी लई वाट पाहिली. एखादा तरी येईल वाटलं. न्हाईतर एक कार्ड तरी."

कुणी आलं नाही. आज आलात. हार घेऊन आलात.

गुरुजनहो, माझा आवाज चढला असेल. त्याची माफी मी मागणार नाही. त्या तासाला मी बोलले ते माझं होतं, आमच्या घागरीत दिसलेलं होतं. बाईंनी त्यातला एक शब्दही दिला नव्हता. हे तेव्हा सांगायचं राहिलं, आज सगळ्यांदेखत सांगते.

आता दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या. बाकीच्यांनी डोळे मिटले तरी चालेल. त्या पाच जणांनी मात्र बाईंच्या फोटोकडं बघत उभं राहावं.

बाई, जयभीम.